आजोबांचं १९६८ चं विमानाचं तिकीट सापडलंय, त्यातलं एक पान फाडलेलंच नाही, याचा अर्थ काय?

राजापूरकर_८३

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

गणपतीला गावी गेलो होतो. माळ्यावर कौलातनं पाणी गळत होतं म्हणून जुनी ट्रंक खाली काढली, तर त्यात एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणि डब्यात आजोबांचे कागद. एक निळा जाड पुठ्ठ्याचा ब्रिटिश पासपोर्ट, एक पिवळी लसीची पुस्तिका आणि एअर इंडियाचं तिकीट. तिकीट म्हणजे आताचं एका कागदावर छापलेलं नाही, चेकबुकासारखं लांबट, हाताने लिहिलेलं, मागे लाल कार्बन, बोटाला अजून लागतो.

आता घरातली गोष्ट सांगतो म्हणजे माझा गोंधळ कळेल. पणजोबा नैरोबीला रेल्वेत क्लार्क, आजोबांचा जन्म तिथलाच १९२६ चा. पणजोबा गेल्यावर पणजी गावी परत आली, १९६६ ला आजोबांनी आजीला आणि पोरांनाही बोटीने गावी पाठवलं आणि स्वतः तिथे नोकरीत राहिले. मग १९६८ ला पणजी आजारी पडली म्हणून आजोबा चालती नोकरी सोडून विमानाने आले आणि परत गेलेच नाहीत. आमच्या वाडीत अजून लोक सांगतात, आईसाठी आफ्रिका सोडून आलेला माणूस. मी लहानपणापासून हेच ऐकलंय, कुठे कोणी आईबापाकडे लक्ष दिलं नाही की लगेच आमच्या आजोबांचा दाखला.

पण तिकिटावर लिहिलंय नैरोबी, त्याखाली बॉम्बे, आणि त्याखाली लंडन! एक पान फाडून घेतल्याची कड दिसते स्टेपलपाशी, पण बॉम्बे ते लंडनचं पान जसंच्या तसं आहे. तिकीट ५ फेब्रुवारी १९६८ ला नैरोबीत काढलंय. पासपोर्टात सांताक्रूझचा शिक्का ११ फेब्रुवारी १९६८. लंडनचा शिक्का कुठेच नाही.

म्हणजे आजोबा लंडनला निघाले होते का? कोणाला सांगितलं नव्हतं का? आजी जाऊन १५ वर्षं झाली, बाबा तेव्हा पाच-सहा वर्षांचे, त्यांना काहीच आठवत नाही. विमान कंपनीकडे तेव्हाच्या प्रवाशांची यादी मिळते का? आणि पासपोर्ट ब्रिटिश कसा काय, आम्ही तर आपले राजापूरचे.

घाटावरचा_पाव्हणा

दोन पानं म्हणजे रिटर्न तिकीट असेल हो, जायचं आणि यायचं. जास्त विचार करू नका.

काउंटर_काका

पाव्हणे, रिटर्न असतं तर खाली परत नैरोबी आलं असतं, लंडन कशाला येईल.

राजापूरकर, मी १९७४ पासून ३१ वर्षं तिकीट काउंटरवर काढली, असली हजारो तिकिटं हाताने लिहिलीत त्यामुळे थोडं सांगू शकतो. त्या पुस्तिकेत प्रत्येक टप्प्याचं एक कुपन असायचं, त्याला फ्लाइट कुपन म्हणायचे. चेक-इनला गेलात की त्या टप्प्याचं कुपन आम्ही फाडून घ्यायचो, त्यावरच कंपनीचा पुढचा सगळा हिशेब चालायचा. शेवटचं पान ते पॅसेंजर कुपन, ते प्रवाशाकडेच राहायचं. लोक सगळी गल्लत इथेच करतात, घरात नुसतं पॅसेंजर कुपन सापडलं की म्हणतात बघा आजोबा अमुक ठिकाणी जाऊन आले. त्याने फक्त तिकीट काढलं होतं एवढंच कळतं, माणूस विमानात चढला का हे कळतं फाटलेल्या कडेवरनं आणि पासपोर्टच्या शिक्क्यावरनं. तुमच्याकडे दोन्ही आहे म्हणजे नैरोबी-मुंबई ते नक्की आले. आणि फ्लाइट कुपन आत शिल्लक म्हणजे या तिकिटावर तो टप्पा झाला नाही, यात शंकाच नको.

आता मला एक बघून सांगा. कुपनावर शहरांच्या ओळीतच पुढे चौकोन असतात, फ्लाइट नंबर, तारीख, वेळ आणि स्टेटस. मुंबई-लंडनच्या ओळीत तारीख आहे का, आणि स्टेटसमध्ये काय लिहिलंय? तिकिटाचा नंबर इथे टाकू नका, फक्त पहिले तीन आकडे ०९८ आहेत का बघा, तो एअर इंडियाचा.

राजापूरकर_८३

काका धन्यवाद! हो, ०९८ च आहे. नैरोबी-मुंबईच्या ओळीत फ्लाइट नंबर, तारीख आणि ओके लिहिलंय. मुंबई-लंडनच्या ओळीत नंबर तारीख काहीच नाही, आडवं मोठ्या अक्षरात ओपन लिहिलंय. सामान २० किलो.

काउंटर_काका

झालं तर मग. ओपन म्हणजे पुढच्या प्रवासाचे पैसे भरलेत पण जागा राखलेली नाही, मुंबईत आल्यावर सवडीने तारीख घालून घ्यायची. वर्षभर चालायचं असं तिकीट. म्हणजे ते लंडनला निघाले होते पण मधे मुंबईला किती दिवस राहायचं ते ठरलं नव्हतं. आणि नैरोबीहून लंडनला जाणाऱ्या माणसाने मुंबईला यायचं म्हणजे पुण्याहून मुंबईला जाताना कोल्हापूर करण्यासारखं आहे. उगाच कोणी करत नाही, पैसेही जास्तच पडले असणार.

लेस्टरची_वहिनी

तारखा वाचून अंगावर काटा आला. आमचे सासरे त्याच महिन्यात नैरोबीहून लंडनला आले, त्यामुळे हे मी घरात शंभरदा ऐकलंय.

पासपोर्टचं आधी सांगते. केनिया १२ डिसेंबर १९६३ ला स्वतंत्र झाला. ज्याचा जन्म केनियात आणि आईबापांपैकीही एकाचा तिथलाच, तो आपोआप तिथला नागरिक. तुमच्या आजोबांचा जन्म तिथला पण पणजोबा-पणजी कोकणातले, म्हणजे ते आपोआप झाले नाहीत, त्यांना अर्ज करायला दोन वर्षं दिली होती. खूप आशियाई लोकांनी केला नाही, कोणाला भरवसा नव्हता, कोणी बघू म्हणत राहिलं. मग उरलं काय, तर इंग्रजांच्या वसाहतीत जन्मलेला म्हणून युनायटेड किंगडम आणि वसाहतींचा नागरिक. तुमच्या निळ्या पुस्तकात बहुतेक हेच लिहिलेलं असेल बघा, आणि पासपोर्ट नैरोबीच्या ब्रिटिश हायकमिशनने दिलेला असेल.

पुढे १९६७ च्या डिसेंबरपासून केनियाचा नवा इमिग्रेशन कायदा लागू झाला, नागरिक नसलेल्यांना कामासाठी परमिट लागायला लागलं. नोकऱ्या जायला लागल्या, दुकानाचे परवाने अडायला लागले. लोकांनी ब्रिटनची वाट धरली आणि इकडे ब्रिटनमध्ये ओरड सुरू झाली. २२ फेब्रुवारी १९६८ ला गृहमंत्री कॅलाहननी जाहीर केलं की दार लावणार, पार्लमेंटमध्ये तीन दिवसांत बिल पास करून १ मार्चला कायदा लागूसुद्धा केला. बाप किंवा आजा ब्रिटनमध्ये जन्मलेला वगैरे असेल तरच सरळ प्रवेश, बाकीच्यांनी व्हाउचरसाठी, म्हणजे प्रवेशाच्या परवान्यासाठी, रांग लावा, आणि व्हाउचर सुरुवातीला वर्षाला १५०० कुटुंबांना. हातात ब्रिटिश पासपोर्ट आणि ब्रिटनमध्येच शिरायला बंदी! नंतर काही जणांना तर हीथ्रोवरनं उलट पाठवलं, मग दुसऱ्या देशाने परत पाठवलं, विमानतळावरनं विमानतळावर चेंडूसारखे फिरले ते लोक.

सासरे सांगायचे नैरोबीच्या एम्बाकासी विमानतळावर शेवटच्या आठवड्यात बायाबापड्या पोरं गाठोडी घेऊन जमिनीवर झोपलेल्या, जी जागा मिळेल ती, जिकडून जाईल ते विमान. ते स्वतः २६ तारखेला उतरले. तुमचे आजोबा ११ ला मुंबईत उतरले म्हणजे त्यांच्या हातात अठरा-एकोणीस दिवस होते, आणि त्यांना ते माहीतच नव्हतं.

राजापूरकर_८३

वहिनी तुमचा रिप्लाय दोनदा वाचला. पासपोर्टात अगदी तुम्ही म्हणता तेच शब्द आहेत आणि शिक्का हायकमिशनचाच. मुदत १९६९ पर्यंत, पुढे वाढवलेली दिसत नाही. कोपरा कापलेला नाही, म्हणजे रद्द केलेला दिसत नाही. पणजी मार्चमध्ये गेली, गुढीपाडव्याच्या आधी, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे आईचं सगळं आटपेपर्यंत तिकडे दार बंद.

जुनंबाजार_लव्हर

मस्त कंडिशनमध्ये असेल तर एअर इंडियाच्या जुन्या वस्तूंना गिऱ्हाईक आहे, फोटो टाका भाव सांगतो.

राजापूरकर_८३

विकायचं नाहीये हो.

म्हापशेकार

आमच्या घरातली गंमत सांगतो, विषय तोच आहे. माझ्या आजोच्या कागदांत गोवा ते कराची असं १९५७ चं विमानाचं तिकीट मिळालं आणि घरात कुजबुज सुरू झाली की आजो पाकिस्तानात कशाला गेला होता, दुसरा संसार होता की काय! माझ्या आत्येने तर दोन दिवस देवाला दिवा लावला नाही.

तिकीट होतं टाइप नावाच्या विमान कंपनीचं, पूर्ण नाव लांबलचक पोर्तुगीज, ट्रान्सपोर्तीश आएरियुश दा इंडिया पोर्तुगेझा. १९५५ ला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्यावर भारताने गोव्याची वाट बंद केली, रेल्वे बंद, मुंबईची आगबोट बंद. मग पोर्तुगीज सरकारने दाबोळीचा विमानतळ उभा केला आणि ही कंपनी काढली, गोवा, दमण, दीव आणि कराची अशी विमानं जायची. भारतावरनं जायची सोय नाही म्हणून बाहेर पडायचं दार म्हणजे कराची. आजो तिथे बोट बदलून बसऱ्याला कामाला गेलेला, पासपोर्टात कराचीचे शिक्के फक्त चार दिवसांच्या अंतराने आहेत. ते चार दिवस दाखवले तेव्हा आत्ये शांत झाली.

१९६१ च्या डिसेंबरात आपल्या विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, तरी त्या रात्री तिथे अडकलेली दोन विमानं अंधारात उरलेल्या धावपट्टीवरनं उडून कराचीलाच पळाली. टाइप तिथेच संपली. म्हणून सांगतो, तिकिटावर जे गाव लिहिलंय तिथे माणसाला जायचंच होतं असं नाही, त्या काळी जाता कुठून येत होतं ते आधी बघा.

कागदकिडा

प्रवाशांच्या यादीचा प्रश्न राहिलाच. स्पष्ट सांगतो, विमान कंपनीला पत्र लिहिण्यात वेळ घालवू नका, साठ वर्षांपूर्वीच्या फ्लाइटच्या याद्या कोणी ठेवत नाही. लोक मला म्हणतात ब्रिटनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये पॅसेंजर लिस्ट आहेत. आहेत, पण त्या बोटींच्या, आणि १९६० ला थांबतात. विमानाने उतरलेल्यांच्या त्यात नाहीत. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या आगमनाच्या याद्यांत १९५० च्या दशकातली विमानंही सापडतात, पण तुम्हाला त्याचा काय उपयोग. म्हणजे विमानाने गेलेल्या आपल्या माणसांच्या बाबतीत घरातला डबा हाच दप्तरखाना.

पण आजूबाजूने पुष्कळ मिळतं. पणजोबा रेल्वेत होते ना? केनियाचं सरकारी गॅझेट गूगल बुक्सवर आहे, वर्षावर्षाचं, त्यात नेमणुका, बढत्या, नागरिकत्वाच्या नोटिसा, मेलेल्या माणसांच्या इस्टेटीच्या नोटिसा सगळं छापलेलं असतं. आडनावाने शोधा, पण स्पेलिंग चार प्रकारे करून बघा, इंग्रज कारकुनाने आपली आडनावं कशी लिहिली असतील ते देवाला ठाऊक, आमच्या पणजोबांचं एकाच वर्षात तीन तऱ्हेने आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल म्हणून पोर्टल आहे, त्यावर पूर्व आफ्रिकेतल्या भारतीयांच्या सरकारी फायली निघतात. नैरोबीला कोणी ओळखीचं असेल तर तिथलं नॅशनल अर्काइव्ह्ज भर गावात आहे, जुन्या बँकेच्या इमारतीत.

आणि गावातलं विसरू नका. बाबांचा आणि आत्याचा शाळा सोडल्याचा दाखला काढा, त्यात जन्मठिकाण नैरोबी असणार आणि आधीची शाळा कुठली तेही. आजोबा पुढे भारताचे नागरिक कसे झाले? भारतीय वंशाच्या माणसाला नागरिकत्व कायदा १९५५ खाली नोंदणी करून नागरिक होता येतं, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जायचा. तसा दाखला डब्यात नसेल तर रत्नागिरीला चौकशी करा. त्या अर्जात माणूस कधी आला, कसा आला, सगळं स्वतःच्या सहीने लिहून देतो, तिकिटापेक्षा तो कागद मोलाचा.

तिकीट लॅमिनेट करू नका, हात जोडून सांगतो. सेलोटेप नको, स्टेपल गंजली असेल तर ओढू नका. कार्बनचं अक्षर पुसट होत जातं म्हणून आजच चांगला स्कॅन काढून ठेवा.

काउंटर_काका

राजापूरकर, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये पिवळी पुस्तिका म्हणालात आणि सगळे विसरलो आपण. तिच्यात कुठल्या लसी आहेत आणि तारखा काय?

राजापूरकर_८३

देवीची लस १९६६ ची आहे. यलो फीवर, २९ जानेवारी १९६८, नैरोबी, गोल शिक्का. आधी वाटलं विमानात बसायचं म्हणून सगळ्यांनाच टोचत असतील.

काउंटर_काका

नाही हो, सगळ्यांना नाही, आणि तुम्हाला जे हवंय ते बहुतेक इथेच आहे. पीतज्वराची लस ब्रिटन मागत नाही, तिकडे ते डासच नाहीत. मागतो आपण! आफ्रिकेतनं येणाऱ्याकडे हा दाखला नसेल तर आमच्याकडे सांताक्रूझला माणसाला थेट क्वारंटाइनमध्ये टाकायचे, घरचे बाहेर हार घेऊन उभे आणि हा आत. आणि दाखला लागू होतो लस घेतल्यावर दहा दिवसांनी. २९ जानेवारीला टोचली म्हणजे ८ फेब्रुवारीला लागू, ११ ला ते उतरले. दिवस मोजून आलेत.

लंडनला सरळ जायचं असतं तर ही लस लागलीच नसती. म्हणजे तिकीट काढायच्या आठवडाभर आधीच मुंबईत उतरायचं ठरलेलं होतं. आधी आई, मग लंडन, असा बेत दिसतो मला.

लेस्टरची_वहिनी

काका, पटतंय पण पूर्ण नाही. थेट लंडनची तिकिटं तेव्हाच मिळेनाशी झाली होती, सासऱ्यांनी नोकरी सुटल्यावर जानेवारीपासून प्रयत्न केले होते. मुंबईवरनं का होईना पण निघू, असाही विचार असेल. बायकोपोरंही गावीच होती की. सगळं आईच्याच नावावर का टाकायचं, एका माणसाची चार कारणं असू शकतात.

काउंटर_काका

असू शकतात. पण घाई होती म्हणता तर पुढचं ओपन का ठेवलं? घाईच्या माणसाने दोन दिवसांनंतरची जागा पक्की केली असती.

घाटावरचा_पाव्हणा

आणि मग पैसे परत का नाही घेतले? लंडनचं तिकीट म्हणजे तेव्हा केवढी रक्कम.

काउंटर_काका

पैसे जिथे भरले तिथल्या चलनात परत मिळायचे, म्हणजे शिलिंगात, नैरोबीत. कोकणातनं तो पत्रव्यवहार कोण करत बसणार. किंवा वर्षभर वाट बघितली असेल, व्हाउचर मिळालं तर जाऊ म्हणून. तिकिटाची मुदत फेब्रुवारी १९६९ ला संपली असेल.

राजापूरकर_८३

कालच्या रविवारी डोंबिवलीला आत्याकडे जाऊन आलो, ती तेव्हा अकरा वर्षांची होती. तिकीट पुढे ठेवलं. आधी म्हणाली मला काय कळतंय त्यातलं. मग चष्मा लावून लंडन वाचलं आणि म्हणाली अच्छा, म्हणून तो कोट!

कोट असा की आजोबा आले तेव्हा त्यांच्या सामानात एक काळा लोकरीचा ओव्हरकोट होता, पोटरीपर्यंत लांब, नवा कोरा. राजापूरच्या हवेत! पोरं हसायची, आजोबा म्हणायचे नैरोबीला थंडी असते. आत्याला आठवतं, पणजीचे दिवसवार झाल्यावर ते दोनदा मुंबईला जाऊन आले, कोणत्या तरी कचेरीत, दुसऱ्यांदा आले ते पडवीत बसून राहिले, जेवले नाहीत. आजीने काय झालं विचारलं तर म्हणाले काही नाही, आता इथेच. पुढच्या मे महिन्यात आंब्याची आढी घातली तेव्हा आजीने पेंढ्यावर गोणपाट कमी पडतंय म्हणून तो कोट मागितला आणि त्यांनी काढून दिला. नंतर दरवर्षी आढीवर तोच कोट असायचा, शेवटी उंदरांनी खाल्ला.

म्हणजे आजीला माहीत होतं की नाही ते आत्याला सांगता येत नाही. मला वाटतं, आजीला माहीत होतं.

कागदकिडा, आत्याचा दाखला मिळाला, आधीची शाळा नैरोबी असंच आहे. गॅझेटमध्ये काल रात्री दोन वाजेपर्यंत शोधलं, चार स्पेलिंग झाली, अजून पणजोबा सापडले नाहीत. रत्नागिरीला पुढच्या आठवड्यात जातोय, कचेरीत नेमकं कोणत्या शाखेत विचारायचं ते कोणाला माहीत असेल तर सांगा.

कागदकिडा

आधी अभिलेख कक्षात विचारा, ते हात वर करतील, मग गृह शाखेत. अर्ज लेखीच द्या आणि पोच घ्या. आणि आडनावाच्या शेवटचं अक्षर गाळून एकदा शोधा, आमचे तसेच सापडले.